लेखाचे दाम कोणाच्या तिजोरीतून?

जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातील रेगेन्सबर्गच्या जुन्या वस्तीतील गेझांटेनश्ट्रासे ही गल्ली आज दुकाने आणि कॉफीगृहे यांनी गजबजलेली असली, तरी तिचे नाव ज्या वकिलांवरून पडले, ते नाना संस्थानांचे वकील १६६३ पासून १८०६ पर्यंत, म्हणजे आपल्याकडे शिवाजीमहाराजांनी लाल महालात शाइस्तेखानावर छापा घातला त्या वर्षापासून दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीपर्यंत, बहुतेक काळ येथे भरलेल्या पवित्र रोमन साम्राज्याच्या सभेसाठी मुक्काम ठोकून होते. पुणे दरबाराने हिंगण्यांना दिल्लीस ठेवून तिकडची खबर मागवावी, त्याच रीतीने या वकिलांच्या कचेऱ्यांतून आपापल्या धन्याकडे अहवाल रवाना होत. आणि जेथे इतके कारकून व इतकी गुपिते एकत्र नांदतात तेथे बातमीला बाजारभाव येतोच, त्यामुळे हस्तलिखित बातमीपत्रांचा व्यवहारही या शहरात चांगला चाले. सम्राटाचा प्रतिनिधी म्हणून १७४८ साली येथे येऊन राहिलेले थुर्न उंड टाक्सिस घराणे तर साम्राज्याच्या टपालाचेच मालक होते. लेखणीचे मोल पैशात करण्याची विद्या या गावाला अशी फार दिवसांपासून अवगत आहे.

या गोष्टीचे स्मरण होण्यास कारण असे, की येथील मोटारींच्या कारखान्यात, इन्फिनिऑनमध्ये किंवा विद्यापीठात असलेल्या मराठी मंडळींपैकी ज्यांना लिहिण्याची आस आहे, त्यांची गाठ पडली म्हणजे बोलता बोलता एक प्रश्न हमखास निघतो: लेखाचे पैसे देणारी नियतकालिके कोणती? प्रश्न अगदी रास्त आहे, पण त्याचे उत्तर यादीच्या रूपाने दिले तर ते वर्षभरही टिकत नाही. कारण संपादक बदलतो, मासिक विकले जाते, दर खाली येतो, आणि काल उदारपणे पैसे देणारा आज लेखकप्रत पाठवून गप्प बसतो. टिकते ती परीक्षा माझ्या मते एकच. हे नियतकालिक कोणाच्या पैशावर चालते, आणि त्या पैशातील लेखकाचा वाटा लेख हातावेगळा होण्यापूर्वी कागदावर ठरतो की नाही, एवढे पाहावे. या परीक्षेचा सर्वांत बोलका दाखला याच शहरात घडलेला आहे.

फ्रीडरिश पुस्टेट यांनी आपले प्रकाशनगृह १८२६ साली पासाउहून रेगेन्सबर्गास आणले. धार्मिक ग्रंथांच्या छपाईवर नावारूपाला आलेल्या या पेढीने १८७४ मध्ये 'डॉइचर हाउसशात्स' नावाचे, कॅथलिक कुटुंबांनी घरी बसून वाचावे असे सचित्र नियतकालिक सुरू केले. वर्गणीदार हाच त्याचा आधार, आणि वर्गणीदाराला पुढच्या अंकाची ओढ लागावी म्हणून क्रमशः चालणारी कथा हा त्याचा प्राण. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली काढलेल्या 'करमणुकी'तून मराठी वाचकाला लागलेली ओढ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही नाडी निराळी समजावून सांगावी लागणार नाही. असल्या नियतकालिकाला लेखक हवाच असतो, आणि तो पुढच्या अंकालाही हवा असतो. म्हणून त्याचे पैसे चुकते करणे मालकाच्याच हिताचे.

या 'हाउसशात्स'ला १८७९ मध्ये सॅक्सनीतून एक लेखक मिळाला. विणकराचा मुलगा, शिक्षकाची नोकरी गमावलेला, फसवणूक आणि चोरी यांपायी कित्येक वर्षे तुरुंगात काढून १८७४ मध्ये सुटलेला हा गृहस्थ म्हणजे कार्ल माय. पुढे जर्मन मुलांच्या पिढ्यान् पिढ्यांनी ज्याच्या पुस्तकांची पारायणे केली, तो हाच. १८८१ पासून 'हाउसशात्स'मध्ये त्याची पूर्वेकडील प्रवासाची दीर्घ कथा क्रमशः येऊ लागली आणि मधूनमधून खंड पडत १८८८ पर्यंत चालली. ज्या वाळवंटांचे वर्णन तो करीत होता ती त्याने तेव्हा पाहिलेलीही नव्हती, तिकडचा प्रवास त्याला घडला तो १८९९ मध्ये; तरी नकाशे, कोश आणि इतरांची प्रवासवर्णने यांच्या आधारे घरी बसून लिहिलेला त्याचा मजकूर दूरवरच्या रेगेन्सबर्गात छापला जाई आणि त्यावर त्याचे घर चाले. हा मजकूर पुढे ग्रंथरूपाने काढण्याचा अधिकार मायच्या हाती राहिला, ही त्यातील सर्वांत मोलाची बाब; कारण १८९१ साली फ्रायबुर्गचा प्रकाशक फेझेनफेल्ड त्याच्याकडे आला आणि १८९२ पासून त्याच जुन्या कथांची पुस्तके निघू लागली, तेव्हा कुठे त्याला खरी संपन्नता आली.

त्याच मायने त्याच काळात दुसरीकडे केलेला व्यवहार याच्या शेजारी ठेवून पाहावा. ड्रेस्डेनचा म्युन्शमायर हा दारोदार फिरून सुट्या भागांनी कादंबऱ्या विकणारा प्रकाशक. त्याच्यासाठी १८८२ पासून मायने, बहुतेक टोपणनावाने किंवा निनावी, अशा प्रचंड लांबीच्या कादंबऱ्या लिहिल्या. करार झाला तो तोंडी, आणि ठराविक प्रती खपल्यानंतर हक्क आपल्याकडे परत यायचे ठरले होते हे मायचे म्हणणे होते. पण म्युन्शमायर वारला, १८९९ मध्ये धंदा दुसऱ्याने विकत घेतला, आणि त्या नव्या मालकाने जुन्या कादंबऱ्या १९०१ पासून मायच्या खऱ्या नावाने बाजारात आणल्या. १९०२ साली मायने दावा लावला. तेथून १९१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याची पाठ कोर्टकचेऱ्यांनी सोडली नाही. लेखक तोच, लेखणीही तीच. फरक एवढाच, की एका ठिकाणी हक्क कोणाचे याविषयी तंटा उरला नाही आणि दुसऱ्या ठिकाणी कागदच नव्हता. लेखनकलेवरची कितीही पुस्तके वाचली तरी नवोदिताला या कथेइतका उपयोग व्हायचा नाही, असे मला मनापासून वाटते.

कागद असूनही पैसा हाती येत नाही, असाही एक प्रकार असतो, आणि त्याचे अत्यंत करुण उदाहरणही रेगेन्सबर्गचेच आहे. सम्राटाचा गणिती योहान्नेस केप्लर याचा पगार वर्षानुवर्षे तुंबलेला होता. 'रुडॉल्फी सारण्या' छापण्यासाठी त्याने थकबाकी मागितली, तेव्हा दरबाराने रोख न देता न्यूरेंबर्ग, मेमिंगेन व केम्प्टेन या नगरांवर वराता दिल्या. पेशवाईत अशी वरात घेऊन मामलेदाराच्या दारी खेटे घालणाऱ्या शिलेदाराची जी गत होई, तीच या ज्योतिर्विदाची झाली. न्यूरेंबर्गने दाद दिली नाही, बाकीच्या दोघांकडून कागद खरीदण्यापुरती सोय झाली, आणि १६२७ मध्ये उल्म येथे ग्रंथ छापून निघाला तो बव्हंशी त्याच्या पदरच्या खर्चाने. पुढे हे ऋण सेनापती वालेनश्टाइनवर ढकलण्यात आले. तेथेही ते फिटले नाही. अखेर १६३० च्या शरदात, निर्वाचक राजांची सभा रेगेन्सबर्गात भरली असता, आपले येणे मागण्यासाठी केप्लर स्वतः घोड्यावरून येथे आला, तापाने आजारी पडला आणि १५ नोव्हेंबरला वारला. त्याचा अंत झाला ते घर आता त्याचे स्मारक म्हणून जतन केले आहे. कबर मात्र तीस वर्षांच्या युद्धाच्या धामधुमीत नष्ट झाली.

आजच्या लेखकाच्या पाठीशी दरबाराची मर्जी नसून कायदा आहे, हे अंतर फार मोठे आहे. जर्मनीचा प्रकाशनविषयक कायदा १९०१ चा असून अजून अमलात आहे. मोबदल्यावाचून असे लेखन कोणी देणार नाही, अशी परिस्थिती असेल तेथे मोबदला न बोलताही ठरलेलाच समजावा, असे त्यात म्हटले आहे. शिवाय नियतकालिकाने स्वीकारलेला लेख वर्षभरात छापला नाही तर लेखकाला करार मोडता येतो आणि मोबदल्यावरचा हक्क तरीही शाबूत राहतो. २००२ मध्ये लेखाधिकाराच्या कायद्यात झालेल्या सुधारणेने 'वाजवी मोबदला' हा लेखकाचा अधिकार ठरविला. वाजवी म्हणजे किती, याविषयी दैनिकांचे मालक आणि पत्रकारांच्या संघटना यांच्यात २०१० साली दरपत्रक ठरले. पण मालकपक्षाने २०१७ मध्ये ते मोडले, तेव्हापासून दैनिकांत मुक्त लेखकाला ओळीच्या हिशेबाने जे मिळते त्यावर पोट चालणे अवघड आहे. त्यातच स्वतंत्र वृत्तपत्रे कमी होत चालली. १९४५ पासून येथे निघणारे 'मिटेलबायरिशे त्साइटुंग' काही वर्षांपूर्वी पासाउच्या प्रकाशनसमूहाकडे गेले; पूर्वी दोन संपादकांची दारे ठोठावता येत, तेथे आता एकाच घराचे दार उरले.

मग पैसे देणारे नियतकालिक हुडकायचे कोठे? त्यासाठी रेगेन्सबर्गच्या रेल्वे स्थानकातील पुस्तकांच्या दुकानात जावे. जर्मन स्थानकांवरच्या या दुकानांत नियतकालिकांच्या भिंतीच्या भिंती असतात: मधमाश्या पाळणाऱ्यांचे, आगगाड्यांच्या प्रतिकृती बनविणाऱ्यांचे, सुतारकामाचे, भूगोलाचे, विणकामाचे. एखादा अंक उचलून मुखपृष्ठावरील चित्राकडे न पाहता थेट 'इम्प्रेसुम' काढावे. हा बारीक टायपातला चौकोन छापणे वृत्तपत्र-कायद्याने बंधनकारक आहे. त्यात प्रकाशकाचा पत्ता, जबाबदार संपादकाचे नाव आणि जाहिरातखात्याचा माणूस सापडतो; बव्हेरियात तर १९४९ च्या कायद्यान्वये नियतकालिकाची मालकी कोणाकोणाच्या हाती आहे हेही ठराविक काळाने प्रसिद्ध करावे लागते. 'न मागवता आलेल्या लेखांची जबाबदारी आमच्यावर नाही' अशा अर्थाची एक ओळ तेथे बहुधा आढळेल. ती वाचून निराश होऊ नये, एवढेच समजावे की पूर्ण लेख न पाठवता आधी विषयाचा प्रस्ताव पाठवायचा. अंकात लेखांखाली तीच ती कर्मचारी नावे पुन्हा पुन्हा येतात की बाहेरची नावेही दिसतात, हे मोजले म्हणजे आपल्याला जागा आहे की नाही ते कळते. जाहिरातदारांसाठी प्रत्येक नियतकालिक आपले दरपत्रक काढते, त्यात खप, वाचकांचा वर्ग आणि पुष्कळदा वर्षभरातील अंकांचे नियोजित विषयही असतात. लेखकाने ते अवश्य मिळवावे, कारण त्याच्या लेखाला जागा कोणत्या महिन्यात निघेल हे त्यावरून आधीच समजते.

येथे पुन्हा पैशाच्या उगमाचा प्रश्न येतो. जर्मनीतील पुष्कळ औषधालयांत गल्ल्याजवळ 'अपोटेकेन उम्शाउ' हे आरोग्यविषयक नियतकालिक ग्राहकाला फुकट मिळते. त्याच्या प्रती औषधविक्रेते विकत घेतात, म्हणून वाचकाला फुकट असले तरी ते फुकटावर चालत नाही. व्यावसायिक संघटनांची मुखपत्रे आणि विशिष्ट धंद्याची मासिके यांचेही असेच. त्यांची नावे साहित्यवर्तुळात कोणी घेत नाही, तरी पैसे मिळण्याची शक्यता तेथेच अधिक. उलट उत्तम वाङ्मयीन नियतकालिकांत मानधन माफकच असते आणि कित्येकांत केवळ लेखकप्रत मिळते. याच ओबरफाल्त्स प्रांतातील झुल्झबाख-रोझेनबेर्ग येथे जन्मलेले वाल्टर ह्योलरर यांनी हान्स बेंडर यांच्याबरोबर १९५४ मध्ये 'आक्त्सेंटे' काढले, त्यासारख्या अंकात नाव येणे हा सन्मान आहे. तो सन्मान जरूर मिळवावा. घरभाड्याचा हिशेब मात्र त्यावर बांधू नये.

मानधनाखेरीजही दोन वाटांनी पैसा येतो, आणि परदेशातून आलेल्यांना त्या सहसा माहीत नसतात. म्युनिकची, १९५८ साली स्थापन झालेली 'फाउगे वोर्ट' ही लेखकांची संस्था प्रतिमुद्रणाची यंत्रे, ग्रंथालये इत्यादींवरील आकार गोळा करून लेखकांना वाटते. छापून आलेल्या लेखाची नोंद तिच्याकडे केली की त्याच लेखाचे दुसऱ्यांदा काही पैसे मिळतात. दुसरी वाट कलावंत-सामाजिक-विम्याची, १९८३ पासूनची. लेखनावरच मुख्यतः उपजीविका करणाऱ्याला आरोग्य व निवृत्तिवेतन यांच्या विम्याची निम्मीच वर्गणी भरावी लागते. उरलेल्या निम्म्यात, एकूण वर्गणीच्या हिशेबाने, शासन वीस टक्के आणि लेखन विकत घेणारे प्रकाशक वगैरे तीस टक्के भार उचलतात. त्यासाठी लेखनाचे वार्षिक उत्पन्न ३९०० युरोंहून अधिक लागते, नवोदितांना पहिली तीन वर्षे ही अट माफ असते. नोकरी करून लिहिणाऱ्याला ही सवलत सहसा लागू होत नाही, पण 'फाउगे वोर्ट'चे दार त्यालाही उघडे आहे.

या सगळ्याच्या आधी मराठी माणसाने आपला निवास-परवाना काढून वाचावा. नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी मिळालेल्या परवान्यात स्वतंत्र व्यवसायाची मुभा बहुधा नसते. ती परदेशी नागरिकांच्या कचेरीतून आगाऊ घ्यावी लागते, मानधन कितीही किरकोळ असले तरी. त्यानंतर करखात्यात मुक्त व्यावसायिक म्हणून नोंद करावी. पत्रकार व अनुवादक यांना दुकानदाराप्रमाणे व्यापाराचा दाखला लागत नाही. मानधन थकले तर ते ज्या वर्षी देय झाले त्या वर्षाच्या अखेरीपासून तीन वर्षे मागता येते, आणि बव्हेरियातला तगाद्याचा अर्ज कोबुर्गच्या न्यायालयाकडे लेखी पाठविता येतो.

आणि आपले दिवाळी अंक? काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही प्रथा आपला अभिमान झाली आहे, परंतु या अंकांची तिजोरी जाहिरातींवर भरते, आणि जाहिरातीचे पैसे वसूल होईपर्यंत लेखकाची पाळी येत नाही. परदेशस्थ लेखकाकडून तर त्याला पैशाची गरज नसावी असे गृहीत धरून मजकूर मागितला जातो. ते गृहीत मान्य करू नये, कारण एकाने फुकट दिलेला लेख नागपूरच्या किंवा सोलापूरच्या एखाद्या गरजू लेखकाचा दर खाली आणतो. आषाढाच्या सुमारास संपादकांचे पत्र आले, की उत्तरातच दर, देण्याची मुदत आणि छापला न गेल्यास काय, हे विनयाने पण स्पष्ट विचारावे. भारतातील अनिवासी खात्याचा क्रमांक कळवावा, आणि लेख अंकाच्या छापील व संगणकीय आवृत्तीपुरता दिला असून पुस्तकाचे हक्क लेखकाकडे राहतील, ही ओळ त्याच पत्रात घालावी.