दोन रात्री, एक सफारी

डिसेंबरातल्या पहाटे ताडोबाच्या मोहर्ली गेटवर जिप्स्यांची रांग लागते. ड्रायव्हर सीटवरचं दव फडक्याने पुसतात, गाईड हातातल्या कागदावरची नावं ओळखपत्रांशी ताडून बघतात, आणि कुठल्या तरी गाडीच्या मागच्या सीटवर, आईच्या मांडीत, डोक्यावरून शाल ओढलेलं चार-पाच वर्षांचं एक मूल गाढ झोपलेलं असतं. पुढचे चार तास ते या उघड्या गाडीत काढणार. ठरलेली जागा सोडून खाली उतरायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही, उभं राहून उड्या मारायच्या नाहीत. बुकिंग करताना हा चार तासांचा आकडा कुणाला खटकत नाही, कारण मोठ्या माणसाला ते चार तास कमीच वाटतात. खटकतो तो तिकिटाचा आकडा, आणि त्याची भरपाई म्हणून आणखी एक सफारी जोडली जाते. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या कौटुंबिक सहलीची आखणी बहुतेक घरांत याच क्रमाने होते: आधी सफारी, मग मुक्काम, मग गाडी, आणि उरलेल्या जागेत मूल. माझं म्हणणं एवढंच की घरात सात-आठ वर्षांच्या आतलं मूल असेल तर हा क्रम उलटा करावा. दोन रात्रींच्या सहलीत सफारी एकच ठेवावी, आणि तीही मुलाच्या झोपेला सोयीची.

खरी अडचण सुरू होते ती कॅलेंडरापासून. वाघ दिसण्याचा हंगाम एप्रिल-मेचा. गवत वाळलेलं असतं, पाणी मोजक्याच पाणवठ्यांवर उरलेलं असतं आणि जनावरं तिथे येतातच. पण त्याच दिवसांत चंद्रपूरचा पारा 45 अंशांच्या वर जातो आणि देशातल्या सर्वांत तापलेल्या शहरांच्या यादीत हे नाव हमखास येतं. दुपारची सफारी ऐन उन्हात सुरू होते आणि वर छत नसतं. दिवाळीच्या सुट्टीत हवा बरी असते, पण पावसाळ्यानंतरचं गवत अजून उंच असतं आणि त्यात वाघ दहा फुटांवर बसला तरी दिसत नाही. जुलै ते सप्टेंबर जंगलाचा गाभा, म्हणजे कोअर, बंद. म्हणजे वाघाचा हंगाम आणि मुलाचा हंगाम एकमेकांवर बसतच नाहीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मुलाचा हंगाम. तो निवडायचा असेल तर वाघ दिसण्याचा आग्रह थोडा सैल करावा लागतो, आणि इथेच घराघरांतल्या योजना अडखळतात. 1,700 चौरस किलोमीटरहून मोठ्या व्याघ्र प्रकल्पात जाऊन वाघ न बघता परत यायचं, हे शेजाऱ्यांना सांगणार कसं?

हा आग्रह सैल करायला आणखी एक कारण आहे. 31 डिसेंबर 2024 रोजी शेजारच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना पर्यटकांच्या गाड्यांनी रस्त्यातच कोंडीत धरलं. त्याची चित्रफीत फिरली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांतली माणसं काही वेगळ्या मातीची नव्हती. पैसे मोजलेत, चार तास हातात आहेत, तीन संपलेत, मग गाईडवर दबाव येतो, गाईडकडून ड्रायव्हरवर येतो. या दबावाखाली गाईडचं खरं काम मागे पडतं. गावातली ही माणसं, आता त्यांत बायकाही आहेत, ज्या गोष्टी वाचतात त्या लहान मुलाला वाघाइतक्याच नवलाच्या वाटतील अशा असतात: रात्रीच्या धुळीत उमटलेला पंजा आणि त्यावरून गेलेलं मुंगूस, चितळाची तुटक शिट्टी, झाडाच्या शेंड्यावरून माकडाचा खाकरल्यासारखा आवाज, सांबराने पाय आपटून दिलेला इशारा. अशा आवाजाला गाईड नुसतं ‘कॉल’ म्हणतात. कॉल आला की गाडी बंद करून सगळे गप्प बसतात. ती दोन-चार मिनिटं मूलही गप्प बसतं, आणि कुणाला डोळे वटारावे लागत नाहीत. फक्त वाघाचाच हिशेब असला तर हे सगळं ‘काही दिसलं नाही’ या एका वाक्यात जमा होतं.

मग उरलेल्या वेळाचं काय? इथे नकाशा उघडून कात्री हातात घ्यावी लागते. चंद्रपूर शहराला गोंड राजांनी बांधलेला कोट आहे आणि त्याला जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा अशा चार वेशी आहेत. वेशींवर हत्तीला दाबून उभा असलेला सिंह कोरलाय. तो शोधायला लावलं की सहा वर्षांचं मूल अर्धा तास मान वर करून उभं राहतं. कोटाच्या भिंतीवर वाढलेलं रान इको-प्रो संस्थेच्या स्वयंसेवकांनी 2017 पासून हाताने उपसून काढलं, म्हणून त्यावरून चालता येतं. शहराजवळच जुनोन्याचा जुना तलाव आहे. ताडोबाच्या आत ताडोबा तलाव आहे, त्यात मगरी, आणि काठी तारू या गावप्रमुखाचं ठाणं. वाघाशी झुंजताना तो मेला अशी कथा आहे आणि जंगलाला नाव त्याचंच. पौष महिन्यात इथे जत्रा भरायची. सफारीत ही कथा गाईडकडून ऐकली तर मुलाला वाघ न दिसताही भेटतो. दक्षिणेला, गडचिरोलीत, कमलापूरला वनविभागाचा हत्ती कॅम्प आहे, राज्यातला एकमेव. पूर्वी लाकूड ओढणारे हे हत्ती. दरवर्षी जानेवारीच्या सुमारास त्यांना काही दिवस सुट्टी मिळते, पायांना भेगा पडू नयेत म्हणून जंगली वनस्पतींचा लेप देऊन शेकलं जातं, आणि या दिवसांत कॅम्प पाहुण्यांना बंद असतो. हत्तींनाही सुट्टी असते ही बातमी कुठल्याही मुलाला पटकन कळते. आणखी खाली सिरोंचा तालुक्यात, पोचमपल्लीच्या परिसरात, 1960च्या सुमारास बारापासॉरस या मोठ्या पायांच्या डायनासोरची हाडं सापडली. आज तो सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे.

पण ही सगळी यादी एका सहलीत कोंबली की तीच चूक पुन्हा होते, फक्त वाघाच्या जागी हत्ती येतो. चंद्रपूरहून आलापल्ली ओलांडून हेमलकशाला जायचं तर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता आहे. लोहखनिजाच्या ट्रकांनी आष्टी-आलापल्लीच्या पट्ट्यात त्याची काय दशा केली ते तिथले लोक रोज सांगतात. बाबा आमटे यांनी 1973 मध्ये सुरू केलेला आणि प्रकाश व मंदाकिनी आमटे यांनी चालवलेला तिथला लोकबिरादरी प्रकल्प मुलांनी बघावाच, पण तो बघायला स्वतंत्र सहल हवी आणि मूल दहा वर्षांचं व्हावं. गडचिरोलीतल्या भामरागड, धानोऱ्याकडे मलेरिया अजून आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिना-दोन महिन्यांत तिकडे लहान मूल नेताना मच्छरदाणी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि ताप आला तर लगेच रक्ततपासणी ही खबरदारी घेतलीच पाहिजे. नक्षलवादाच्या भीतीने लोक गडचिरोली टाळतात. डासाचं नाव मात्र कुणी काढत नाही, आणि पाहुण्याला आज धोका डासाचाच जास्त.

यावर एक हरकत हमखास येते: मुलांना थोडं सोसू द्या, फार लाडावू नका. पुढे दाखलाही दिला जातो की याच भागातल्या झाडीपट्टीतली मुलं दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, रात्री दहाला सुरू होणाऱ्या नाटकाला जातात आणि पहाटेपर्यंत मांडवात असतात. दाखला खरा आहे, पण तो नीट बघावा. त्या मांडवात मूल खाली अंथरलेल्या चटईवर झोपलेलं असतं, जाग आली की उठून मुरमुरे खातं, कंटाळलं की दुसऱ्या मुलांबरोबर मांडवाबाहेर पळतं. त्याला कुणी चार तास एका सीटवर बसवत नाही. या भागाची स्वतःची सहल अशी आहे, मामाच्या गावी, तांदळाच्या भाकरीवर आणि माणसांच्या गर्दीत. दुसरी हरकत पैशांची. एवढ्या लांब येऊन एकच सफारी म्हणजे नुकसान, असं म्हणतात. हिशेब करायचा तर पूर्ण करावा: दुसऱ्या सफारीचे पैसे अधिक तिच्यानंतरची रडारड, पुन्हा पहाटे उठवलेलं मूल, गाडीत झालेली उलटी, आणि हे सगळं निस्तरणारी आई. यादी करणारी, दुधाची भुकटी, तापाचं औषध, जास्तीचे कपडे भरणारी तीच असते, आणि सफारीत मांडीवरचं वजन सांभाळल्याने तिला जंगल सर्वांत कमी दिसतं.

आणखी एक गोष्ट मुलाला त्याच्या वयाला झेपेल तेवढीच, पण सांगावी. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ज्या गावांतून आपली जिप्सी जाते तिथे वाघ दिसणं ही नशिबाची गोष्ट कुणी मानत नाही. तिथलं मूल संध्याकाळ झाली की घरात बोलावलं जातं. हे कळलेलं मूल ‘वाघ दिसला नाही’ म्हणून कदाचित कमी हिरमुसेल.

तेव्हा आखणी अशी करून बघा. सोमवारी दुपारपर्यंत पोचा, संध्याकाळी जुनोन्याचा तलाव. मंगळवारी सकाळी मूल आपोआप उठेल तेव्हा उठू द्या, मग कोट, वेशीवरचा सिंह, दुपारी झोप. बुधवारी एकच सफारी, आणि मग घरचा रस्ता. मंगळवारी ताडोबा बंद असतो, म्हणून बुकिंग करताना तो वार सगळ्यात आधी खोडला जातो. लहान मूल असलेल्या घराने तो सगळ्यात आधी धरावा.