माहितीचाही काटा चोख हवा



वज्रेश्वरीच्या दर्शनाला जाताना भिवंडी-वाडा रस्त्यावर अंबाडी नाक्याला चहासाठी थांबलो. शेजारी भिवंडीच्या गोदामातून माल भरून निघालेला एक ट्रकवाला बसला होता. त्याने मोबाइल पुढे केला. माल कुठला, उतरवायचा कुठे, भाडे किती, सगळे त्यात. म्हणाला, "कागदासाठी कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही." मनात आले, मग आपल्या उसाचे काय?

आज जगाचा व्यापार मालाइतकाच माहितीवर चालतो. कच्च्या साखरेचे वायदे न्यूयॉर्कला, पांढरीचे लंडनला होतात. ब्राझीलचे कारखाने साखर जास्त करायची की इथेनॉल, हे भाव बघून ठरवतात. तिकडे पाऊस लांबला की बातमी संगणकावरून क्षणात जगभर जाते आणि भाव हलतो. साता समुद्रापलीकडचे असे कळते. पण आपल्या फडात टोळी कधी येणार, हे विचारायला आपण गट ऑफिसला हेलपाटे घालतो. तोड लांबली की ऊस वाळतो, वजन घटते. तोटा आपलाच.

याला वाट वारणेने दाखवली. वारणा कारखान्याच्या परिसरात १९९८ साली ७० गावांसाठी संगणक केंद्रांची योजना सुरू झाली. लागणीची नोंद, तोडणीचा प्रोग्रॅम, वजन, बिल गावातच कळण्याची सोय झाली. पुढे तिथल्याच काही गावांत हीच माहिती मोबाइलच्या संदेशावर देऊन पाहिली. महागड्या संगणकाचे काम साध्या फोनवर भागले. म्हणजे यंत्र किती मोठे याला महत्त्व नाही. माहिती सभासदाच्या हाती वेळेवर पडली पाहिजे.

मात्र यंत्रात चुकीचे घातले तर चुकीचेच बाहेर येणार. म्हणून लागणीची तारीख, क्षेत्र, उसाची जात नोंदवताना स्वतः हजर राहा. मोबाइल आणि बँक खात्याचा नंबर तपासा. काट्याची पावती जपून ठेवा, संदेशाशी ताडून बघा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत. तेव्हा पावतीवरची तारीखही पैशाइतकीच मोलाची. फरक दिसला तर त्याच दिवशी विचारा. वाचता येत नसेल तर लेकीला, सुनेला वाचायला सांगा.

कारखाना आपला, तशी नोंदही आपलीच!