ऑनलाइन अध्यापन आणि मागे पडणारा विद्यार्थी

महाविद्यालयात प्रवेश मिळालेला प्रत्येक विद्यार्थी पदवी-अभ्यासक्रमास लागणाऱ्या गणिती व लेखनविषयक कौशल्यांनी सज्ज असतोच असे नाही. अशा विद्यार्थ्यास ऑनलाइन अध्यापन कितपत उपकारक ठरते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम प्रतिकूल पुरावा पाहू. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या सामुदायिक व तांत्रिक महाविद्यालयांतील ४०,००० हून अधिक विद्यार्थ्यांच्या नोंदींवर आधारलेला डी शू व शॅना स्मिथ जॅगर्स यांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. ऑनलाइन अभ्यासक्रमांत सर्वच गटांची कामगिरी खालावते; परंतु ज्यांचे गुण आधीच कमी, त्यांची घसरण अधिक होते, असे त्यात आढळले. म्हणजे ज्यास मदतीची गरज अधिक, त्याचेच नुकसान अधिक. याचे एक कारण उघड आहे. वर्गात विद्यार्थ्याचा गोंधळलेला चेहरा शिक्षकास दिसतो. ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यानास तो दिसत नाही.

तथापि दोष माध्यमाचा की पद्धतीचा, हा प्रश्न उरतोच. कार्नेगी मेलन विद्यापीठाने २००२ पासून विकसित केलेल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत पाठ्यांश लहान टप्प्यांत विभागलेला असतो. प्रत्येक टप्प्यास स्वाध्याय असतो आणि चूक होताच सूचना मिळते. कोठे अडचण आली, हे शिक्षकास तासापूर्वीच कळते. तेथील संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी सुमारे निम्म्या अवधीत नेहमीच्या वर्गाइतकेच यश मिळविले, असे २००८ साली नमूद झाले. मात्र प्रत्यक्ष तास तेथे बंद झाले नव्हते. शिवाय ते विद्यार्थी निवडक होते. म्हणून हा निष्कर्ष दुर्बल विद्यार्थ्यांस जसाच्या तसा लागू करता येत नाही.

त्यांच्यासाठी आणखी एका तत्त्वाची जोड हवी. बीजगणितात सोडवून दाखविलेली उदाहरणे अभ्यासणाऱ्या नवशिक्यांना कमी वेळ लागतो व त्यांच्या चुकाही कमी होतात, असे जॉन स्वेलर व ग्रॅहम कूपर यांनी १९८५ साली दाखविले. रीत शोधण्यातच स्मरणशक्ती गुंतली, तर रीत शिकण्यास ती उरत नाही. ‘३क + ५ = २०’ हे समीकरण प्रथम पूर्ण सोडवून दाखवावे; पुढील उदाहरणात अखेरची पायरी रिकामी ठेवावी; नंतर आणखी एक गाळावी. कौशल्य वाढेल तसतसा आधार काढून घ्यावा, कारण जाणत्यास तोच आधार अडथळा होतो.

सारांश, लहान टप्पे, तत्काळ मार्गदर्शन व क्रमाने कमी होणारा आधार ही कामे यंत्र करू शकते. परंतु दोन स्वाध्याय चुकविलेल्या विद्यार्थ्यास तिसऱ्यापूर्वी बोलावून घेणे, हे काम शिक्षकाचेच होय.