शिक्का नको, माल मोजा!

ओजेटीसाठी दुकान शोधताय? ‘विसरवाडीत कसली आलीय इंटर्नशिप? मॉल तर सुरतेला!’ असं म्हणून ओळखीच्या दुकानातून नुसता शिक्का मारून घेणार असाल, तर जरा थांबा. नव्या शैक्षणिक धोरणातल्या या ऑन जॉब ट्रेनिंगचे चार क्रेडिट म्हणजे १२० तास. धुळे-सुरत महामार्गावरच्या या गावातल्या एखाद्या कापड दुकानात ते खरंच घालवून बघा.

मॉलचा ‘बायर’ जे ठरवतो, तेच इथले शेठही ठरवतात : काय घ्यायचं, किती आणि कधी. समजा, होळीच्या बाजारासाठी त्यांनी सुरतेहून २०० रुपयांचे २० शर्ट आणले. विक्रीचा भाव ३००. एका शर्टामागे शंभर सुटले, मज्जाच की! पण खपले बाराच. गल्ल्यात आले ३,६०० आणि गुंतले होते ४,०००. होळी सरली, आठ शर्ट घडीतच आणि मुद्दलही निघालं नाही. का? गिऱ्हाईक मागत होतं मीडियम, माल होता एक्सएल. चूक झाली ती खरेदीच्या दिवशीच.

म्हणून पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा. रकाने तीन : काय विकलं, काय उरलं आणि गिऱ्हाईक काय मागून परत गेलं. तिसरा रकाना कुठल्याच बिलात सापडत नाही. शेठ पुढच्या खरेदीला निघाले, की वही त्यांच्यापुढे ठेवा.

शिक्का तर मिळेलच. पण उद्या मुलाखतीत ‘काय शिकलात?’ असं विचारलं, तर तुमच्याकडे उत्तरही असेल.