किल्ली फिरते, स्टार्टर गप्प का?

किल्ली फिरवली, डॅशबोर्डचे दिवे लागले, पण स्टार्टर गप्प. किल्ली जरा हलवली की गाडी सुरू! बॅटरी ठणठणीत असेल, तर संशय इग्निशन स्विचवर घ्यावा. किल्ली जाते ते कुलूप. विजेचा स्विच त्याच्या मागे असतो. आत धातूच्या पट्ट्या एकमेकींना टेकतात. जोड तुटताना बारीक ठिणगी उडते, टोके काळवंडतात. गंजलेल्या नळातून पाणी कमी यावे तशी वीज अडते. अडली की जोड तापतो, तापला की आणखी बिघडतो. किल्ल्यांचा जड जुडगा कुलूपही झिजवतो, तो वेगळाच ताप.

अनेक जुन्या गाड्यांत हा स्विच दोन-तीन स्क्रू आणि एक प्लग काढला की निघतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल, तर मात्र मेकॅनिकच गाठा.