बर्फगाडीची बैठक

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहीं जणांना नवल वाटेल. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस पडतो, धुकें उतरतें, पण बर्फ पडत नाहीं. मग बर्फावरून धांवणाऱ्या गाडीची बैठक लोक घरच्या गॅरेजमध्यें कशी तयार करतात, हें आपण कशासाठीं ऐकावें? याचें उत्तर असें कीं, बैठक ही वस्तु दिसते तितकी साधी नाहीं. खुर्चीवर, मोटारींत, फटफटीवर आपण रोज तासन् तास बसतों. परंतु आपल्या अंगाखालीं काय आहे व तें तसें कां आहे, याचा विचार क्वचितच करतों. जेथें थंडी, पाणी आणि दणके हे तीन शत्रु एकदम चालून येतात, तेथें मात्र हा विचार टाळतां येत नाहीं. बैठकीचें शास्त्र म्हणूनच बर्फगाडीकडून शिकावें.

प्रथम गाडीची ओळख करून घेऊं. तिचें इंग्रजी नांव स्नोमोबाइल. काश्मीरांत गुलमर्गला जाऊन आलेल्या प्रवाशांनीं ती पाहिली असेल, आणि सियाचीनच्या हिमनदीवर आपल्या सैन्यानेंही तिचा उपयोग केला आहे. हिला चाकें नाहींत. पुढें दोन घसरपट्ट्या असतात आणि मागें इंजिनाच्या शक्तीनें फिरणारा रुंद रबरी पट्टा असतो. या पट्ट्यावर अल्युमिनियमची एक लांबट, उपडी पन्हळ बसविलेली असते, आणि त्या पन्हळीवर बैठक असते. स्वार फटफटीवर बसावा तसा दोन्ही बाजूंस पाय टाकून बसतो व दांडीनें घसरपट्ट्या वळवितो.

या वाहनाचा जन्मच मुळीं घरगुती कारखान्यांत झाला. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन संस्थानांत सेनर नांवाच्या लहानशा गांवीं कार्ल इलायसन नांवाचा दुकानदार होता. एका पायांत व्यंग असल्यामुळें शिकारीच्या वेळीं बर्फांतून मित्रांच्या बरोबरीनें चालणें त्याला जमत नसे. त्यानें दुकानामागच्या छोट्या गॅरेजमध्यें खटपट करून १९२४ सालीं एका लांबट लांकडी घसरगाडीला बोटीचें लहान इंजिन जोडलें आणि १९२७ सालीं तिचें पेटंट मिळविलें. तिकडे कॅनडांत, क्वेबेक प्रांतांतील व्हाल्कूर गांवीं, जोझेफ-आर्मां बोंबार्डिए या तरुणानें १९२६ सालीं मोटारदुरुस्तीचें गॅरेज काढलें. हिवाळ्यांत तेथील रस्ते बर्फाखालीं बुजून जात. १९३४ च्या हिवाळ्यांत त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या विकारानें अत्यवस्थ झाला; रस्ते बंद असल्यामुळें त्याला रुग्णालयांत नेतां आलें नाहीं, आणि तो दगावला. बोंबार्डिएचे बर्फगाडीचे प्रयोग याच्या पूर्वींपासून चालूं होते. त्यानें ते नेटानें पुढें नेले, आणि १९३७ सालीं त्याला दांतेरी चाक व पट्टा यांच्या योजनेचें पेटंट मिळालें. १९५९ सालीं त्यानें बाजारांत आणलेली ‘स्की-डू’ ही हलकी गाडी आजच्या बर्फगाड्यांची आजी म्हणावयास हरकत नाहीं. तेव्हां त्या प्रदेशांतला एखादा गृहस्थ आजही गॅरेजमध्यें बैठक उलगडून बसला, तर तो घराण्याची जुनी रीतच चालवीत असतो.

पण कारखान्यांतून बैठक मिळत असतांना ती पुन्हां करण्याचा हा खटाटोप कशाला? कारण असें कीं, कारखाना बैठक करतो ती सरासरी माणसासाठीं, आणि सरासरी माणूस कधीं कोणाला भेटलेला नाहीं. उंच माणसाचे गुडघे त्या बैठकीवर छातीशीं येतात. ठेंगण्या माणसाचे पाय पायऱ्यांवर नीट टेंकत नाहींत. शिवाय बैठक म्हातारी होते. दहा-पंधरा हिवाळे गेले कीं आंतला फोम चुरतो, वरचें कातडें तडकतें, आणि गाडी धडधाकट असतांनाही तिच्यावर बसवत नाहीं.

येथें प्रश्न नुसत्या सुखाचा नाहीं, पाठीच्या कण्याचा आहे. वाऱ्यानें बर्फावर लाटा उठलेल्या असतात आणि ताज्या बर्फाखालीं दगड, ओंडके दडलेले असतात. त्यांवरून उडालेली गाडी खालीं येते तेव्हां स्वाराचें शरीर बैठकीवर आदळतें. थोडा हिशेब करूं. समजा, शरीर ३० सेंटिमीटर उंचीवरून खालीं आलें. बैठक दबून तें जर २ सेंटिमीटरांतच थांबलें, तर थांबतांना त्यावर येणारा सरासरी भार त्याच्या वजनाच्या १६ पट होतो. तेंच थांबणें १० सेंटिमीटरांत झालें, तर भार अवघा चौपट राहतो. गाडीच्या स्प्रिंगा पहिला दणका खातात हें खरें. परंतु त्यांचा पल्ला संपला कीं उरलेला दणका बैठकीकडे येतो, आणि बैठकीनें तो सोसला नाहीं तर मणक्यांकडे जातो. अशा आघातानें मणका चेपून जन्माचें दुखणें लागूं शकतें. बैठक हा एक अदृश्य ब्रेक आहे, ही गोष्ट ध्यानांत ठेवली म्हणजे पुढील सर्व कृति आपोआप समजते.

काम मापांपासून सुरू होतें. स्वारानें हिवाळी पोशाख आणि जाड बूट घालूनच गाडीवर बसावयाचें असतें, कारण प्रत्यक्षांत तो तसाच बसणार. मग दुसऱ्यानें बाजूला उभें राहून पाहावें: गुडघे कमरेच्या वर जात नाहींत ना? दांडी न ओढतां, केवळ पायांच्या बळावर स्वार चटकन उठूं शकतो ना? ही दुसरी कसोटी फार महत्त्वाची. जुन्या गाड्यांवर स्वार मागें रेलून, पाय पुढें पसरून बसत असे. त्यामुळें प्रत्येक दणका सरळ कण्यांतून वर जाई. २००३ च्या हंगामासाठीं निघालेल्या स्की-डू ‘रेव्ह’ या बांधणीनें स्वाराला पुढें आणलें आणि त्याचे पाय अंगाखालीं आणले. उंचवटा दिसतांच जरासें उठून गुडघ्यांवर दणका घेणें हें कोणत्याही गादीपेक्षां श्रेष्ठ. चांगली बैठक तें उठणें सुलभ करते. म्हणून पुष्कळदां बैठक उंच करावी लागते. मात्र बैठक जितकी उंच, तितका स्वाराचा भार वर जातो आणि आडव्या उतारावर गाडी कलंडण्याचें भय वाढतें. यास्तव आधीं जुन्या बैठकीवर फोमचे सुटे तुकडे बांधून चार-सहा फेऱ्या माराव्या आणि मग उंची ठरवावी.

मापें ठरलीं कीं जुनी बैठक उलटी करून तिचें आवरण काढावयाचें. तें टरकावून टाकूं नये. शिवणी हलक्या हातानें उसवून प्रत्येक तुकड्यावर खूण करावी. नव्या आवरणाचा तोच बेत. खालीं राहतें तें बूड. पूर्वीं तें बहुधा प्लायवूडचें असे, आतां सांच्यांत घडविलेल्या प्लॅस्टिकचें असतें. लांकूड कुजलें असेल तर बदलावें. बूड गाडीला धरून ठेवणाऱ्या कड्या आणि खिट्या यांच्या जागा मात्र तसूभरही हलवूं नयेत. भर उतारावर सुटलेली बैठक जिवावर बेतेल.

आतां मुख्य पदार्थ, फोम. पॉलियुरेथेन नांवाच्या ज्या द्रव्यापासून तो बनतो, त्याचा शोध ऑटो बायर व त्याचे सहकारी यांनीं १९३७ सालीं जर्मनींत लावला. फोम दोन जातींचा असतो. एकांत छिद्रें एकमेकांना जोडलेलीं असतात. तो मऊ असतो, परंतु स्पंजासारखा पाणी पितो. दुसऱ्यांत प्रत्येक छिद्र बंद असतें. तो पाणी पीत नाहीं, पण टणक असतो. जाणता कारागीर दोन्हीं वापरतो. तळाशीं बंद छिद्रांचा टणक थर, त्यावर उघड्या छिद्रांचा घट्ट थर, आणि सर्वांत वर बोटभर मऊ थर. हलका गचका वरचा थर झेलतो, मोठा दणका मधला झेलतो, आणि सारेंच दबलें तर तळचा थर हाड बुडावर आपटूं देत नाहीं. येथें नवशिक्याची फसगत होण्याजोगी एक गोष्ट आहे. दुकानांत हातानें दाबून जो फोम सर्वांत मऊ लागतो, तोच उत्तम असें त्याला वाटतें. पण १० सेंटिमीटरांच्या मऊ फोमवर नुसतें बसतांच तो ६ सेंटिमीटर दबला, तर दणक्यासाठीं ४ च शिल्लक उरले. बसतांना थोडें दबावें आणि बरेंचसें राखून ठेवावें, असा फोम हवा.

दुसरी फसगत थंडीची. उष्णता कमी झाली कीं सर्वच फोम थोडाफार ताठरतो. त्यांतही ‘मेमरी फोम’ म्हणून जो गाद्यांच्या दुकानांत मिळतो, तो अंगाच्या उबेनें नरम होणाऱ्या जातीचा. घरांत त्याच्यावर बोट बुडतें. शून्याखालीं गेल्यावर तोच फळीसारखा होतो. म्हणून निवडलेल्या फोमचा तुकडा एक रात्र बाहेर अंगणांत ठेवून सकाळीं दाबून पाहावा. या परीक्षेला पैसा लागत नाहीं, आणि ती कधीं खोटें बोलत नाहीं.

फोम कापण्यास तिकडे स्वयंपाकघरांतील विजेवर चालणारी मांस कापण्याची सुरी वापरतात. तिनें कड सरळ येते. नंतर जाड पॉलिशकागदानें घासून गोलाई आणतात. दोन थर जोडतांना दोन्ही पृष्ठांवर चिकटद्रव लावून, तो किंचित् वाळूं देऊन, मग एकदाच दाबून बसवावे. या द्रवाची वाफ विषारी असते आणि ठिणगीनें पेटते. हिवाळ्यांत गॅरेजचीं दारें लावून, शेजारीं शेगडी पेटवून हें काम करणें म्हणजे आगीशीं खेळ. तें करावें तें हवा खेळती ठेवून, विस्तवापासून दूर.

यानंतर तिसरा शत्रु, पाणी. बर्फ कोरडा दिसतो, पण स्वाराच्या अंगाच्या आणि इंजिनाच्या उबेनें तो वितळतो, आवरणाच्या टांक्यांतून आंत शिरतो आणि रात्रीं गोठतो. सकाळीं गृहस्थ गाडीवर बसतो तों गादीच्या जागीं बर्फाची लादी! तिच्यावर दणका बसला कीं वरचा सारा हिशेब फुकट जातो. म्हणून आवरण बोटींच्या गाद्यांना वापरतात त्या जातीच्या रेक्झिनचें घ्यावें. साधें रेक्झिन थंडींत ठिसूळ होऊन तडकतें. विकत घेतांना तें किती थंडीपर्यंत तडकत नाहीं, हें विचारून घ्यावें. दोरा पॉलिएस्टरचा असावा, सुती नसावा. सुती दोरा ओलाव्यानें कुजतो. बसण्याच्या जागीं शिवण येऊंच देऊं नये. ती कडेला, उतारावर न्यावी. टीप इंचाला सहा ते आठ टांक्यांची पुरे. याहून दाट घातली तर टपालाच्या तिकिटाप्रमाणें रेक्झिन त्या रेषेवर फाटतें. शिवणीच्या आंतल्या बाजूनें चिकटपट्टी लावावी, आणि फोम व आवरण यांच्यामध्यें पातळ प्लॅस्टिकचा कागद घालावा. इतकें करूनही थोडें पाणी शिरणारच, असें धरून बुडाला तळाशीं भोंकें ठेवावीं. शत्रूला येण्याची वाट बंद करावी, पण जाण्याची उघडी ठेवावी.

आवरण चढवावयाचें तें उबदार खोलींत. ऊब लागली कीं रेक्झिन लवचिक होतें. प्रथम पुढच्या व मागच्या मध्यबिंदूंवर, मग समोरासमोरच्या बाजूंवर आळीपाळीनें ताण देत स्टेपल मारीत जावें, म्हणजे सुरकुती राहत नाहीं. हे स्टेपल न गंजणाऱ्या पोलादाचे हवेत, आणि बुडाच्या जाडीपेक्षां आंखूड हवेत. घरचें शिवणयंत्र दोन-तीन जाड थरांपुढें कुरकुरतें. तेव्हां बेतणें घरीं करून शिवण तेवढी ताडपत्री शिवणाऱ्याकडून करवून घ्यावी. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

शेवटची परीक्षा तराजूची. तयार बैठकीचें वजन लिहून ठेवावें. चार फेऱ्या झाल्यावर, वरचा बर्फ झटकून, कोरडी पुसून पुन्हां तोलावी. वजन वाढलें असेल तर तितकें पाणी आंत मुरलें. शिवण कोठें पाझरते तें लगेच शोधावें. वसंत ऋतूपर्यंत थांबूं नये.

श्रोतेहो, आपल्या शहरांतील फटफट्यांना बर्फ भेटत नाहीं. पण पावसाळ्यांतले खड्डे भेटतात, आणि मणके तिकडचे काय, इकडचे काय, सारखेच. बैठक शिवणारा कारागीर ‘अगदीं मऊ करून देतों, साहेब,’ असें म्हणाला, तर त्याला विचारावें: बसल्यावर किती दबेल आणि दणक्यासाठीं किती उरेल? पाणी आंत शिरलें तर बाहेर कोठून पडेल? या प्रश्नांचीं उत्तरें ज्याच्यापाशीं आहेत, त्याच्या हातची बैठक वरून साधी दिसली तरी खुशाल घ्यावी. जी कधीं आठवत नाहीं, तीच बैठक उत्तम. वाईट बैठकीची आठवण कंबर जन्मभर करून देते.