नोटेवरचं वेरूळ

महाराष्ट्रात जिल्ह्याचा नकाशा परिसर अभ्यासातून तिसरीत हाती येतो. पण नकाशा वाचायला लागणारी नजर त्याआधी, पाच-सहा वर्षांच्या वयात तयार करता येते. त्यासाठी महागडे तक्ते कशाला? घरातल्या नोटा पुरतात.

नव्या मालिकेत 10 रुपयांच्या नोटेमागे कोणार्कचं सूर्यमंदिर आहे, 20 वर वेरूळची लेणी, 50 वर हंपीचा दगडी रथ, 200 वर सांचीचा स्तूप आणि 500 वर लाल किल्ला. मूल आधी रंगावरून ओळखतं, ते साहजिकच. म्हणून जाड कागदाला रुपयाएवढं भोक पाडा, तो नोटेवर ठेवा आणि तेवढ्याच तुकड्यावरून विचारा, ‘हे चाक कुठलं?’ कोणार्कचं की हंपीचं, हे सांगायला आरे नीट बघावे लागतात. इथे घाई करू नका. मुलाला बोट फिरवू द्या.

मागच्या भाषापट्टीत 15 भाषा आहेत. मराठी आठवी, म्हणजे बरोबर मधली. देवनागरीतल्या चार ओळी शोधायला लावा; अक्षरओळख नसली तरी डोक्यावरची रेघ मदत करते (बंगालीलाही रेघ असते, तिथे गंमत होते).

राजमुद्रेत सिंह तीन दिसतात, असतात चार. चौथा कुठे, हे लगेच सांगू नका. खाली उजवीकडे बैल आणि डावीकडे घोडा आहे, तेही मुलांनाच सापडू द्या.